परवानगी ज्यांच्या नावावर होती

ते स्वतःच्या घराचं दारसुद्धा वाजवून आत जात. घरात कुणी नसे. बायको वारलेली, मुलगा पुण्याला कंपनीत. तरी बाहेरून आले की दारावर बोटांनी टकटक करायची, क्षणभर थांबायचं आणि मग कुलपात किल्ली घालायची. मी तिथं राहायला गेले त्याच आठवड्यात हे पाहिलं आणि आईला फोनवर सांगितलं, "घरमालक जरा सटकलेला दिसतोय." आई म्हणाली, "भाडं वेळेवर दे आणि आतून कडी लावून झोप."

नांदेडहून लातूरकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत असलेलं ते तालुक्याचं गाव. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले होते. माहेर निलंग्याकडचं, ओळखीचं कुणी नाही. दवाखान्यातल्या आयाबाईनं ही खोली सुचवली. "बौद्धवाड्यात हाय, चालंल ना?" तिनं आधी विचारून घेतलं. मी म्हटलं, पाणी येतं का तेवढं सांगा.

घरमालक काका दारातच उभे होते. उंच, काटकुळे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्य कालव्याच्या काठानं सायकल मारण्यात गेलेलं. पांढरा फुल शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. तो शर्ट मे महिन्याच्या उन्हातही तसाच असायचा. मला म्हणाले, "सिस्टर, इजाजत असंल तर खोली दाखवतो."

हा शब्द त्यांच्या वडिलांच्या तोंडचा, निजामाच्या काळातला. लिहिताना ते 'परवानगी' लिहीत, बोलताना मात्र इजाजत. गाव त्यांना पाठीमागं 'इजाजत' याच नावानं ओळखायचं. "इजाजत आला बघ," चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. काकांना ते ऐकू येई. ते टपरीवाल्याला विचारत, "बाकड्यावर बसू का?" आणि तो "बसा" म्हणेपर्यंत उभे राहत.

एकदा मी नळाची तोटी उघडी टाकून ड्युटीवर गेले. दुपारी पाणी आलं, खोलीभर झालं, उंबऱ्यावरून अंगणात वाहायला लागलं. खोलीची दुसरी किल्ली काकांच्या खिशात होती. पण ते उन्हात चालत दवाखान्यात आले. मी इंजेक्शनच्या खोलीत, बाहेर बायांची रांग. रांगेत सगळ्यांच्या मागं हे उभे. नंबर आल्यावर म्हणाले, "तुमच्या खोलीत पाणी झालंय. कुलूप काढायची इजाजत पाहिजे व्हती."

"काका! किल्ली होती ना तुमच्याकडं?"

"किल्ली माझी हाय. खोली तुमची हाय."

माझी गादी भिजली ती भिजलीच. रात्री त्यांनी स्वतःची गादी आणून दारात ठेवली. आत आणली नाही.

अंगणातल्या लिंबाची एक फांदी वीजतारेला टेकत होती. शेजाऱ्यांनी सांगितलं, कुऱ्हाड घ्या अन् टाका तोडून. काकांनी अर्ज दिला. वीज कंपनीनं नगरपंचायतीकडं पाठवलं, नगरपंचायतीनं वन विभागाकडं. परवानगी हातात पडली तेव्हा वळवाच्या वाऱ्यानं फांदी आपोआप मोडून पडली होती. तरी काका कागद घेऊन फांदीजवळ गेले, तिच्या नीट ढलप्या केल्या आणि मग जाळायला घेतली. मी हसले तर म्हणाले, "आता ही माझी झाली."

सगळ्यात ऐकण्यासारखी गोष्ट मला शेजारच्या मावशीनं सांगितली. काकू वारल्या तेव्हाची. सरण रचलं, वंदना झाली, मुलाच्या हातात गवताचा पेटता पुला दिला. काकांनी मुलाचा हात धरला. जमलेल्या माणसांकडं वळून म्हणाले, "देऊ का अग्नी?" कुणाला काय बोलावं सुचेना. असं कुणी विचारतं का? पुला जळत जळत मुलाच्या बोटांपाशी आला. शेवटी काकूंची म्हातारी आई, जी बायांच्या घोळक्यात मागं बसली होती, ती म्हणाली, "द्या. आता द्या." मग त्यांनी हात सोडला.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, माणूस गरीब, दबलेला असावा. तसं मुळीच नव्हतं. मी त्यांना तहसीलमध्ये पाहिलं आहे. लोक साहेबासमोर वाकायचे, हात जोडायचे, 'मायबाप' म्हणायचे. काका ताठ उभे राहत, हात बाजूला. "हाव का न्हाई, एवढं सांगा. न्हाई असंल तर काहून न्हाई, ते लिहून द्या." कारकुनांना त्यांचा धाक नव्हता, पण कंटाळा होता आणि तो धाकापेक्षा जास्त होता. मागणं आणि याचना यांत त्यांच्या दृष्टीनं अंतर होतं, आणि ते अंतर त्यांनी कधी मिटू दिलं नाही.

"इचारून बसलं की कोणी उठवत न्हाई," असं ते म्हणायचे. तेव्हा मला तो त्यांचा एक चाळा वाटायचा.

*

त्या वर्षी जयंतीला दारूकाम करायचं ठरलं. वाड्यातल्या पोरांची कल्पना. दरवर्षी डीजे, मिरवणूक, जेवण होतंच. या वेळी विहाराजवळच्या मैदानावर शोभेची दारू उडवायची, साऱ्या गावानं यावं, पाहावं. पुढाकार संघपालचा. मोबाइलचं दुकान चालवणारा, तिशीतला, बोलण्यात तिखट. त्यानं नांदेडच्या बाजूचे एक आतषबाज गाठले. मुश्ताकभाई. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम, रीतसर परवाना असलेले. सगळं ठरलं आणि संघपाल काकांना सांगायला आला, कारण काका जयंती समितीचे अध्यक्ष.

काका म्हणाले, "इजाजत?"

"काका, फटाक्याला कोण इजाजत घेतं?"

"हे फटाके न्हाईत. हजार माणूस जमणार. इजाजत लागते."

"पलीकडचे, बाजारपेठेतले, वरातीत भर रस्त्यावर रॉकेटं सोडतात. बसस्टँडसमोर. त्यांना कोण इचारतं?"

मी माझ्या खोलीच्या पायरीवर भाजी निवडत होते, म्हणून मला पुढचं ऐकू आलं. हे त्यांनी तेव्हा एकदाच सांगितलं.

ते लहान असतानाची गोष्ट. त्यांच्या गावात पहिल्यांदा जयंतीची मिरवणूक निघाली. बैलगाडीवर फोटो, पुढं हलगी. हलगी त्यांचे वडील वाजवत होते. चावडीपुढं मिरवणूक अडवली. इजाजत दाखवा म्हणाले. वडिलांना वाटलं, तोंडी पाटलाला सांगितलंय, झालं. कागद कुणाकडंच नव्हता. बाकीच्यांना हाकललं. वडिलांना मात्र चावडीच्या ओट्यासमोर उन्हात बसवलं, हलगी डोक्यावर धरायला लावून. येणारे-जाणारे बघत होते. बसलेले वडील मध्येच उठायला लागले की कुणीतरी म्हणायचं, बस. आणि बसलेले राहिले की कुणीतरी म्हणायचं, ऊठ रे, इथं कुणाच्या इजाजतीनं बसला. असं दिवस मावळेपर्यंत.

"बापानं त्यानंतर हलगीला हात लावला न्हाई," काका म्हणाले. "त्यांच्या बापाला कोणी असं बसवलं व्हतं का? न्हाई ना. मंग त्यांना कागद कशाला लागतो? आपल्याला लागतो."

दुसऱ्या दिवशी संघपाल आणि काका तहसीलला गेले.

तिथला कारकून वैतागला. संघपालनं त्याची नक्कल आम्हाला करून दाखवली होती. "आजवर कुणी मागितली का? उडवा ना गपचूप. तुम्ही मागितली की आम्हाला द्यावी लागती, न्हाई तर नाकारावी लागती. दोन्हीचा तरास!" मग त्यानं सांगितलं, पोलिसांची ना हरकत आणा, नगरपंचायतीची आणा, बंबाची सोय दाखवा, मैदान ज्याचं त्याची संमती आणा, आतषबाजाचा परवाना जोडा, आणि जवळ दवाखाना असेल तर दवाखान्याचीही आणा. दवाखाना जवळ होताच. विहाराच्या मैदानाला लागूनच आमची मागची भिंत.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या सही केली. काका तरी हलेनात. मला म्हणाले, "सिस्टर, डॉक्टरसाहेब संध्याकाळी नांदेडला जातात. आवाज त्यांना कुठं ऐकू येणार? ज्यांना ऐकू येणार त्यांना इचारायची इजाजत द्या."

मग ते वॉर्डात आले, एका एका खाटेपाशी थांबले. "जयंतीला दारूकाम हाय. आवाज व्हईल. तुम्हाला चालंल का?" बाळंतीण हसली, म्हणाली चालंल. अपेंडिक्सचा पेशंट म्हणाला, आम्हीबी गच्चीवरनं बघू. दम्याची एक म्हातारी होती, भोकरकडची, लेकीकडं आलेली. ती म्हणाली, "न्हाई बाबा. धुरानं माझा जीव घाबरा होतो."

काका म्हणाले, "बरं, मावशी." आणि मैदान बदललं.

संघपाल चिडला. समितीतली सगळीच पोरं चिडली. "एका म्हातारीसाठी? काका, जयंतीपर्यंत ती घरी गेलेली असंल!"

"तिच्या खाटेवर दुसरं कोणी असंल," काका म्हणाले.

म्हणून जागा ठरली ती कालव्याच्या पलीकडची पडीक. वस्तीपासून लांब, मोकळी. कागद सगळे नव्यानं. काका रोज सकाळी शर्टाच्या गुंड्या लावून निघत आणि उन्हं कलल्यावर परत येत. पायाला फोड आले, त्यांचं ड्रेसिंग मीच केलं. मुश्ताकभाई एकदा जागा बघायला आले तेव्हा अंगणात चहा घेताना म्हणाले, "काका, लोग हमको चोरासारखं बोलवतात. मागच्या दारानं या, लवकर उडवा, जा. तुम्ही मेरे नाम की अर्जी लगाई. अब्बा असते तर त्यांना दाखवलं असतं."

परवानगी मिळाली ती ऐन जयंतीच्या दुपारी. अटींसकट. वेळ इतकीच, माल इतकाच, वाळूच्या बादल्या, पाण्याचा टँकर, प्रेक्षक दोरीच्या मागं. आणि शेवटी एक ओळ, होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस अर्जदार सर्वस्वी जबाबदार राहील. काकांनी ती ओळ आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. भीती त्यांना वाटली नाही. त्यांचा आवाज भरून आला होता. सरकारनं त्यांना कशाला तरी जबाबदार धरलं, ते पहिल्यांदाच, असं मला वाटलं.

*

मी ड्युटीवर होते. वॉर्डातले चालते-फिरते पेशंट गच्चीवर गेले. कालव्याच्या बाजूनं माइकवर काकांचा आवाज आला, "सुरू करू का?" आणि सगळ्या मैदानानं "हाव!" म्हटलं. ती हाक दवाखान्यापर्यंत आली. मग आकाश उजळलं. आधी पांढरं, मग निळं. मुश्ताकभाईंनी निळा रंग खास बनवून आणला होता. प्रत्येक बार फुटला की खालून टाळ्या यायच्या. दम्याची म्हातारी अजून घरी गेली नव्हती. ती खिडकीपाशी बसून म्हणाली, "लांबून बरं दिसतंय की."

दिलेल्या वेळेच्या आतच ते संपलं. टँकरनं जमीन भिजवली, पोरांनी कागद-पुठ्ठे गोळा केले. माणसं घरी निघाली.

त्यानंतर बाजारपेठेतून वरात निघाली. ठेकेदारी आणि राजकारण दोन्ही करणारं एक घर, त्यांच्या पुतण्याची वरात. त्या घराचं नाव गावात कुणी मोठ्यानं घेत नसे. घोडा, डीजे, आणि पुढं रस्त्यावर आडवी लावलेली रॉकेटं. वरात कालव्याच्या रस्त्यानं मळ्याकडं वळली. रस्त्याच्या कडेला त्याच घराचा गोठा. गोठ्यामागं कडब्याची गंजी.

गोठ्यात किसन आणि त्याची बायको सुमन पोरीसह राहत. किसन त्या घराचा ट्रॅक्टर चालवायचा. त्या वेळी तो वरातीत गॅसबत्तीच्या गाडीबरोबर होता. गंजी पेटली आणि आग गोठ्याच्या छपरावर आली. सुमनबाई बाहेर होती. पोरीला बाहेर ठेवून ती म्हशी सोडायला आत गेली.

तिला आमच्याकडं आणलं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. मी अंगावरचे चिकटलेले कपडे कापत होते, सलाइनला शीर सापडत नव्हती. ती शुद्धीवर होती. भाजलेली माणसं सुरुवातीला शुद्धीवर असतात, नीट बोलतात. ती म्हणाली, "सिस्टर, वरातीतलं रॉकेट आलं. सरळ गंजीवर." मग म्हणाली, "म्हशी निघाल्या का बाहेर?"

मी म्हटलं, निघाल्या. मला माहीत नव्हतं.

अॅम्ब्युलन्सनं तिला नांदेडला नेलं. पहाटे निरोप आला, गेली.

अॅम्ब्युलन्स गेल्यावर ठाण्याचे जमादार आले होते. मी त्यांना सुमनबाईचे शब्द सांगितले, जसेच्या तसे. त्यांनी लिहायला घेतलेलं पेन बंद केलं. माणूस वाईट नव्हता. त्याची मुलगी माझ्याकडं लसीला यायची. हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, वरातीची परवानगीच न्हाई ठाण्यात. म्हंजे कागदावर ती वरात निघालीच न्हाई. जी निघालीच न्हाई, तिच्यातनं रॉकेट कसं येईल?"

"मग कुठून आलं?"

"दारूकामाचा त्या दिवशीचा एकच कागद हाय आमच्याकडं," तो म्हणाला आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

सकाळी मी घरी आले तेव्हा पोलिसांची गाडी दारात होती. काका चहा पीत होते. त्यांनी पोलिसांना विचारलं, "कागद हाय का?" होता. त्यांनी तो उभ्यानं वाचला, घडी केली. म्हणाले, "हाव. परवानगी माझ्याच नावावर हाय." आत जाऊन धुतलेला शर्ट घातला, गुंड्या लावल्या. वाड्यातली माणसं जमली होती. संघपाल ओरडत होता, वरात सगळ्या गावानं पाहिली, व्हिडिओ आहेत, स्टेटसला आहेत. संध्याकाळपर्यंत एकाच्याही मोबाइलमध्ये ते व्हिडिओ राहिले नव्हते.

जाताना काकांनी मला किल्ल्यांचा जुडगा दिला. "पाणी भरायला आत जायचं तर जा, सिस्टर. इचारायचं काम न्हाई."

*

जामीन झाला, पण आता त्यांना खरोखरच प्रत्येक गोष्टीसाठी विचारावं लागे. ठराविक वारी ठाण्यात हजेरी. जिल्हा सोडायचा तर कोर्टाची परवानगी. मुलगा म्हणाला, पुण्याला चला. त्यासाठी अर्ज, त्यावर तारीख. मुश्ताकभाईंचा परवाना तपास होईपर्यंत थांबवला गेला. ते एकदा भेटायला आले, काकांशेजारी बसून राहिले, आणि गेले.

संघपालनं मोर्चा काढायचं ठरवलं. काकांनी नको म्हटलं. "माझ्यासाठी आता कोणी कुणाकडं काही मागू नका." संघपालच्या मनात दुसरंच काही सलत होतं. एक दिवस तो बोललाच, "काका, विहाराजवळच केलं असतं ना, तर तुमच्यावर आलंच नसतं. कालव्याकडं गेलो अन् गोठा तिकडंच. त्या म्हातारीपायी…"

काका म्हणाले, "तरी ती बाई जळालीच असती."

"पण तुम्ही वाचला असता!"

"हाव," काका म्हणाले. "तेवढंच झालं असतं."

किसन आला तो भर दुपारी. मी सुट्टीवर होते, अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटकाशी उभा राहिला, खांद्यावर टॉवेल, पायात काही नाही. काकांनी त्याला ओळखलं. "या," म्हणाले. तो आत आला नाही.

"काका, तुम्ही न्हाई केलं. मला ठावं हाय."

काका उठून फाटकाशी गेले.

"सुमन मला म्हणाली, ट्रॉलीत. पण मी ते नाव घेऊ शकत न्हाई. पोरगी हाय मला. राहायला त्यांचीच जागा दिली त्यांनी, नवी खोली बांधून दिली. ट्रॅक्टर त्यांचाच. मी कुठं जाऊ?"

"घेऊ नका नाव," काका म्हणाले.

"तुम्ही मला शिव्या द्या."

"काहून देऊ? बसा. पाणी प्या."

किसन बसला नाही. बराच वेळ तसाच उभा होता. जाताना त्यानं काकांच्या पायाला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला. काकांनी त्याला दंडाला धरून सरळ उभं केलं. "असं न्हाई," म्हणाले. "असं न्हाई करायचं."

तो गेल्यावर काका दिवसभर जेवले नाहीत. मी ताट नेऊन ठेवलं ते तसंच उचललं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली इस्लापूरकडं झाली. निघताना त्यांनी माझी पेटी रिक्षापर्यंत धरली. वाळले होते. शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. "तारखेला बोलावतील तुम्हाला," म्हणाले. "पेशंट तुम्हीच आधी पाहिला ना. आलं बोलावणं तर या, एवढंच." मी येते म्हटलं. मी त्यांना सुमनबाईचे शब्द आधीच सांगितले होते. वकिलानंही लिहून घेतले होते. साऱ्या खटल्यात वरातीचा उल्लेख होणार होता तो फक्त माझ्या तोंडून.

पावसाळ्यानंतर संघपालचा फोन आला. काका हजेरी देऊन परत येत होते. ठाण्यापासून घरापर्यंत चालत. वाटेत कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर बसले आणि तिथंच गेले. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं, म्हातारा विसावा घेतोय. बऱ्याच वेळानं एका बाईनं हलवून पाहिलं.

मला समन्स त्यानंतर आलं. कोर्टाला कुणी कळवलं नव्हतं, किंवा कळवलं होतं आणि कागद पोचला नव्हता. मी तरी गेले. एसटीनं भोकरपर्यंत, तिथून दुसरी गाडी. कोर्टाच्या खोलीत पंखा फिरत होता, बाकं भरलेली. किसन शेवटच्या बाकावर होता, धुतलेला सदरा घालून. साक्षीदार म्हणून त्यालाही बोलावलं होतं. काकांचे वकील शेजारच्या कोर्टात अडकलेले.

शिपायानं दारात जाऊन काकांचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. व्हरांड्यातून काही उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं.

"वारले ते, साहेब," मागून कुणीतरी म्हणालं. किसन उभा होता.

न्यायाधीशांनी वर पाहिलं. "तुम्ही कोण?"

"जळून मेली तिचा नवरा." तो तसाच पुढं बोलत राहिला. "साहेब, त्यांनी काही केलं न्हाई. ते दारूकाम तर कवाच संपलं व्हतं. ते वरातीतलं—"

"थांबा." न्यायाधीश रागावले नव्हते, दमलेले होते. "साक्ष अशी देता येत नाही. आरोपी मयत असेल तर आता साक्ष होणारही नाही. बसा."

तेवढ्यात वकील आले, मृत्यूचा दाखला पुढं ठेवला. दोन वाक्यांत प्रकरण संपलं. काका निर्दोष ठरले नाहीत, दोषीही ठरले नाहीत. शिपायानं पुढची फाइल उचलली. किसन अजून उभाच होता. शिपाई त्याच्याजवळ गेला, कोपराला धरलं, "चला बाबा, झालं."

"माझं बोलणं ऱ्हायलंय," किसन म्हणाला. शिपायानं त्याला हळूच दाराकडं वळवलं.

मी मागोमाग बाहेर आले. व्हरांड्यात गर्दी होती. वकील, पक्षकार, तारखेला आलेली माणसं. ठेकेदाराचे दोघेजण खांबाला टेकून उभे होते, ते मला ठाऊक होते. किसननं मला ओळखलं.

"सिस्टर, तुम्ही आज बोलणार व्हत्या का?"

"हो."

"कुणाच्या वरातीतलं म्हणणार व्हत्या?"

मी नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. खांबापाशी माना वळल्या. एक वकील बोलता बोलता थांबला.

किसननं तिकडं पाहिलं नाही. "हाव," तो म्हणाला, "तेच." आणि मग त्यानं स्वतः ते नाव घेतलं, माझ्याएवढ्याच मोठ्यानं.

आत कोर्टात तोवर दुसऱ्याच कुणाचा तरी पुकारा सुरू झाला होता.